आदर्श एसी सोर्सला रेझिस्टन्स जोडायचाच का?

ओहमकार : माझं मत रोखठोक आहे. सिम्युलेशनमध्ये नुसता आदर्श एसी सोर्स वापरूच नये. आतला रेझिस्टन्स शून्य, मागाल तेवढा करंट देणार. असा दानशूर प्रत्यक्षात कुठे भेटतो? काल एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये १० व्होल्ट पीक (लाटेचं सर्वोच्च टोक), ५० हर्ट्‌झचा साइन सोर्स थेट १० मिलिहेन्रीच्या इंडक्टरला जोडला. करंट +३.१८ आणि -३.१८ ॲम्पिअरमध्ये झुलायला हवा होता. पठ्ठ्या ० ते ६.३७ मध्येच नाचत राहिला! सिरीजमध्ये ०.१ ओहम टाकला, अर्ध्या सेकंदात ताळ्यावर आला.

खटकाबटण : यात सोर्सचा काय दोष? साइन शून्यापासून सुरू केलीत की करंट असा वर सरकून बसणारच, हे साधं गणित आहे. सरकलेला भाग जिरवायला रेझिस्टन्स नाही, तर तो जाईल कुठे? आणि एलटीस्पाइस इंडक्टरला स्वतःहून १ मिलिओहम लावतं, म्हणून निदान चाललं तरी. तो ०.१ ओहम कॉइलच्या तांब्याचा आहे, सोर्सच्या नावावर कशाला खपवता?

ओहमकार : सिरीजमध्ये कुठेही लावा, उत्तर तेच! बरं, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) घ्या. पुढे मोठा कपॅसिटर, मागे आदर्श सोर्स. डायोडमधल्या करंटची टोकं अवाच्या सवा उंच येतात आणि लोड वाढवला तरी आउटपुट फारसं खाली येत नाही. तिथे काय म्हणाल?

खटकाबटण : रेक्टिफायरचं मान्य. पण मग ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा आणि तो आकडा घाला. डोळे मिटून ०.१ लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. किलोओहमच्या फिल्टरला तर त्याने काडीचा फरक पडत नाही.

फेजवाला : मध्येच तोंड घालतो. नवे लोक अडतात ते भलतीकडेच. सोर्सच्या खिडकीत ‘एसी’ या रकान्यात १० लिहितात आणि ट्रान्झियंट (वेळेनुसार व्होल्टेज-करंट कसे बदलतात ते दाखवणारं ॲनालिसिस) चालवतात. तो आकडा फक्त एसी ॲनालिसिससाठी, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सर्किट कसं वागतं ते बघण्यासाठी असतो. ट्रान्झियंटला साइन वेगळी भरावी लागते. मी स्वतः तासभर सपाट रेषेकडे बघत बसलो होतो. शिवाय साइनमध्ये पीक द्यायचा असतो : १० व्होल्ट आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं मूल्य) हवे असतील तर १४.१४.

ओहमकार : सपाट रेष मीही भोगलीय. पण रेझिस्टन्स मी लावणारच, करंट सोर्स असला तरी.

खटकाबटण : मग तो तरी समांतर लावा. आदर्श करंट सोर्सच्या सिरीजमध्ये कितीही ओहम घातलेत तरी करंट तसूभर हलणार नाही.