पाणी संपायच्या आधीच दार बंद

पुष्कळदा सांगतात की पाणी हा प्रकाशसंश्लेषणाचा कच्चा माल, तो संपला की पानात अन्न तयार होणं थांबतं. अर्धंच बरोबर. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं जेमतेम एखादा टक्का त्या कामी लागतं, बाकी पानातून हवेत उडून जातं. खरी अडचण पर्णरंध्रांची, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांची. जमीन सुकू लागली की झाड पाणी राखायला ती मिटून घेतं, आणि त्याच वाटेनं येणारा, अन्न बनवायला लागणारा कर्बवायूही (कार्बन डायऑक्साइड) बाहेर अडतो. पान अजून हिरवंगार दिसत असतं, पण कारखाना मंदावलेला असतो.

आमच्याकडे खटावात मागे ऐन ऑगस्टात पावसानं दडी मारली. दुपारी सोयाबीननं पानं उलटी केलेली, लांबून अख्खं रान पांढुरकं दिसायचं. बांधापलीकडची ज्वारी पानांची सुरळी करून उभी, सकाळी परत उघडायची. ज्वारी (ऊस, मकाही त्यातलेच) पानाच्या आत कर्बवायू एकवटते, म्हणून रंध्रं किलकिली असली तरी तिचं भागतं. सोयाबीनला ती सोय नाही. आमचं नेमकं फुलोऱ्यात सापडलं, पाऊस नंतर आला पण शेंगा निम्म्याच धरल्या.