मदत हवी आहे: जो स्कॅलीने बुंडेसलिगा सोडावी का? हिशेब कसा मांडायचा?

निळी_जर्सी (धागाकर्ता)

जर्मनीच्या बुंडेसलिगात ग्लाडबाख क्लबकडून खेळणारा अमेरिकी बचावपटू जो स्कॅली याच्यावर एक लेख लिहायला घेतलाय आणि "आता पुढे काय" या भागात गाडी अडली आहे. जाणकारांनी हात द्यावा.

हाताशी आहे ते एवढं. जन्म ३१ डिसेंबर २००२, न्यू यॉर्क राज्यातला. न्यू यॉर्क सिटी एफसीतून ग्लाडबाखला जायचं २०१९ मध्येच ठरलं होतं, पण अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं आणि पोरगा पोचला २०२१ च्या जानेवारीत. बुंडेसलिगा पदार्पण १३ ऑगस्ट २०२१, समोर बायर्न, १-१ बरोबरी. मुळात उजवा फुलबॅक, म्हणजे बगलेतला बचावपटू. डावीकडेही खेळतो आणि तिघांच्या बचावफळीत उजवा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) म्हणूनही.

मला हवं आहे ते असं: इंग्लंड, इटली, हॉलंड की आहे तिथेच? प्रत्येक ठिकाणी परवान्याचं आणि कोट्याचं काय? आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या जागेवर काय परिणाम होईल? "प्रीमियर लीग भारी, तिथे जावं" एवढं लिहून मोकळं व्हायचं नाहीये.

कोटा_मास्तर

आधी कागदपत्रं, फुटबॉल नंतर. युरोपियन पासपोर्ट नाही असं धरून सांगतो.

जर्मनी अमेरिकी खेळाडूंना का आवडते? कारण बुंडेसलिगात युरोपबाहेरच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादाच नाही. २००६-०७ पासून ती उठली. त्याऐवजी स्थानिक घडणीचे खेळाडू किती हवेत याची अट आहे. म्हणजे अमेरिकन घेतला म्हणून क्लबची कुठली दुर्मीळ जागा खर्ची पडत नाही. आपण सोडतोय काय, हे लेखात आधी यायला हवं.

इंग्लंड: ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, गुणपद्धत आहे. एफएची (इंग्लंडची फुटबॉल संघटना) शिफारस मिळाली तरच व्हिसा. वाटा दोन. पहिली राष्ट्रीय संघाची: फिफा क्रमवारीत ११ ते २० मधल्या देशाचा खेळाडू मागच्या २४ महिन्यांतल्या स्पर्धात्मक सामन्यांपैकी ४० टक्के खेळलेला असेल तर आपोआप पास. अमेरिका गेली काही वर्षं साधारण याच पट्ट्यात आहे. पण इथे एक गोम आहे. मैत्रीपूर्ण सामने धरत नाहीत, आणि २०२६ च्या विश्वचषकाचे यजमान म्हणून अमेरिकेला पात्रता फेरीच खेळावी लागली नाही. त्यामुळे मोजायला सामनेच थोडे; एका गोल्ड कपला (अमेरिकेच्या विभागाची देशांची स्पर्धा) बाहेर बसलात की टक्केवारी धाडकन खाली.

दुसरी वाट गुणांची, १५ हवेत. बुंडेसलिगा पहिल्या गटात आहे, त्यामुळे नुसत्या लीगच्या दर्जाचे १२ मिळतात. वर लीगमध्ये खेळलेल्या मिनिटांचे गुण. नियमित खेळणारा इथे आरामात पार होतो. डच, बेल्जियन, पोर्तुगीज लीग दुसऱ्या गटात. अमेरिकेची एमएलएस त्याहून खाली. म्हणजे स्कॅलीसाठी इंग्लंडचं दार आज उघडं आहे, पण वर्षभर बाकावर बसला तर मिनिटांचे गुण उडतात आणि हिशेब घट्ट होतो.

परवाना मिळाला तरी काम संपत नाही. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत स्थानिक घडणीचे नसलेले जास्तीत जास्त १७. स्थानिक ठरायला २१ व्या वर्षाच्या आत इंग्लंड-वेल्सच्या क्लबात तीन मोसम नोंद हवी. अमेरिकेचाच फुलबॅक अँटनी रॉबिन्सन एव्हर्टनमध्ये वाढलेला, त्यामुळे तो स्थानिक. स्कॅली त्या १७ पैकी एक जागा खाणार. राखीव फुलबॅकवर ती जागा खर्च करायला क्लब का-कू करतात.

इटली: परदेशातून येणारे युरोपबाहेरचे नवे खेळाडू मोसमाला दोनच, तेही अटींसह. क्लब ती जागा बहुधा स्ट्रायकरसाठी राखून ठेवतो.

हॉलंड: कोटा नाही, पण पगाराची किमान पातळी आहे. वीस वर्षांवरच्या युरोपबाहेरच्या खेळाडूला एरेडिव्हिझीच्या (तिथली वरची लीग) सरासरी पगाराच्या दीडपट द्यावे लागतात. त्यामुळे मधल्या फळीतल्या क्लबांना परवडत नाही. उरतात पीएसव्ही, आयाक्स, फेयेनूर्ड.

शून्य_गोल

मास्तरांनी दारं दाखवली. आता आत गेलेल्या अमेरिकी बचावपटूंचं काय झालं ते बघा.

ब्रायन रेनॉल्ड्स: डॅलसमधून २०२१ च्या फेब्रुवारीत थेट रोमा. उन्हाळ्यात फोन्सेका गेले, मोरिन्यो आले आणि पोराचं काम संपलं. २०२२ च्या जानेवारीत बेल्जियमच्या कॉर्ट्राइकला लोनवर (तात्पुरता उसना), मग वेस्टरलो.

मॅट मियाझ्गा: २०१६ च्या जानेवारीत चेल्सी. लीगचे दोन सामने, आणि मग लोनचा फेरा: व्हिटेस, नाँत, रेडिंग, अँडरलेख्ट, आलावेस.

सर्जिन्यो डेस्ट: आयाक्समधून २०२० मध्ये बार्सिलोना, प्रशिक्षक बदलला, मिलानला लोन, तिथेही मोजकीच मिनिटं. मग पीएसव्ही आणि पहिल्याच मोसमात, २०२३-२४ ला, लीग विजेतेपद. एप्रिल २०२४ ला गुडघ्याचा लिगामेंट फाटला तरी क्लबने त्याला कायमचं विकत घेतलं. लीग खाली गेली, खेळाडू वर आला.

ख्रिस रिचर्ड्स: बायर्न, होफनहाइमला दोनदा लोन, २०२२ च्या उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेस. पहिल्या मोसमात लीगचे जेमतेम नऊ सामने. फेब्रुवारी २०२४ ला प्रशिक्षक ग्लासनर आले, तिघांची बचावफळी लावली आणि हा उजव्या बाजूला पक्का झाला. १७ मे २०२५ ला एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० हरवणाऱ्या अकरांत तो होता.

चौघांच्याही गोष्टीत लीगपेक्षा प्रशिक्षकाचा हात मोठा आहे. रिचर्ड्सच्या बाबतीत तर क्लब तोच, लीग तीच, बदलली ती रचना. लेखाचा प्रश्न "कुठली लीग" असा ठेवलात तर उत्तर चुकणारच.

आणि हो, स्कॅलीने लीग बदललेली नाही, पण प्रशिक्षक चार झाले: ह्युटर, फार्के, सेओआने, पोलान्स्की. चौघांच्या हाताखाली खेळणं ही त्याची खरी जमा बाजू आहे.

उजवीकडून_तिसरा

खेळाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून.

मैदान ६८ मीटर रुंद धरा. चौघांच्या फळीत प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात, पाचांच्या फळीत साडेतेराच्या आसपास. स्कॅलीचा भर बचावावर. चेंडू असलेल्या विंगरसमोर उभा राहिला की घाई करत नाही, शरीर बाहेरच्या बाजूला उघडं ठेवतो, समोरच्याला रेषेकडे जाऊ देतो. हे अरुंद वाट्यात चांगलं चालतं. पण चौघांच्या फळीतला आधुनिक फुलबॅक म्हणजे अर्धा विंगर. पुढे जाऊन क्रॉस टाकणं, आतल्या जागेत घुसून पास मागणं, यात तो पहिल्या रांगेचा नाही.

त्याची कसोटी लागते ती दूरच्या खांबाजवळ. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या बगलेत आहे, क्रॉस येणार आहे, आणि त्यांचा डावा विंगबॅक (अख्खी बगल वर-खाली सांभाळणारा) स्कॅलीच्या पाठीमागून पळत येतोय. फुलबॅकला एकाच वेळी चेंडू आणि पाठीमागचा माणूस बघावा लागतो. मान एकदा कमी वळली की गोल. तिघांच्या फळीत तो सेंटर-बॅक असेल तर पाठीमागचा माणूस विंगबॅकच्या वाट्याला जातो, याला फक्त समोरचा चेंडू डोक्याने काढायचा असतो, आणि सहा फूट उंचीमुळे ते जमतं.

म्हणून इटलीत ३-५-२ (मागे तीन बचावपटू) खेळणारा क्लब कागदावर छान दिसतो, पण अट एकच: त्याला विंगबॅक म्हणून नको, सेंटर-बॅक म्हणून हवा. इंग्लंडमध्ये लांब थ्रो आणि कॉर्नरवर गोल काढायचं पेव फुटलंय, तिथे हवेत भांडणारा बचावपटू उपयोगी. गंमत म्हणजे त्याला सगळ्यात शोभणारी जागा पॅलेसमध्ये आहे आणि ती रिचर्ड्सकडे आहे.

निळी_जर्सी

मनापासून आभार. दोन शंका. अमेरिकेत इटालियन वंशाचे लोक भरपूर. एखाद्या खेळाडूचे पणजोबा तिथले निघाले तर पासपोर्ट काढून कोट्याची भानगड मिटवता येते ना? आणि पैशाचं कुणीच लिहिलं नाही.

कोटा_मास्तर

पणजोबा आता चालत नाहीत. मार्च २०२५ च्या वटहुकुमाने आणि पाठोपाठच्या कायद्याने वंशावरून मिळणारं इटालियन नागरिकत्व ढोबळमानाने आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आलं. जुने लेख वाचून एजंट अजून पणजोबा शोधतात, तो काळ गेला. पासपोर्ट हाताशी असला की वाट किती सोपी होते ते अमेरिकेच्याच पुलिसिकने दाखवलं. क्रोएशियन पासपोर्टमुळे तो सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला जाऊ शकला, स्कॅलीला अठरापर्यंत थांबावं लागलं.

पैसा. इथे अमेरिकन माणसाचा हिशेब इतरांहून वेगळा असतो. अमेरिकी नागरिक जगात कुठेही कमावो, विवरणपत्र अमेरिकेत भरावंच लागतं. परदेशात भरलेला कर वजा मिळतो. जर्मनीत वरचा दर ४५ टक्के आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार, म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या घरात. अमेरिकेचा केंद्रीय वरचा दर ३७. म्हणजे जर्मनीतून अमेरिकेला वर फारसं काही द्यावं लागत नाही. इंग्लंडचंही तसंच, तिथेही वरचा दर ४५. पण "मोनॅकोला जा, कर नाही" हा सल्ला ब्राझिलियनला ठीक, अमेरिकनाला नाही. तिथे वाचलेला कर वॉशिंग्टन मागून घेणार.

इटलीत परदेशातून येणाऱ्या खेळाडूंना मोठी करसवलत होती, ती २०२३ संपता संपता काढून घेतली. हातात पडणारा पगार तोच ठेवायचा तर क्लबचा खर्च वाढतो. तिथली बोलणी फिसकटतात ती बरेचदा इथेच.

सेंटरहाफ_९१

वर सगळ्यांचा सूर "थांब" असा लागलाय, मला पटत नाही. ग्लाडबाख २०२३-२४ ला चौदावे, २०२४-२५ ला दहावे. २०२१ च्या वसंतात मँचेस्टर सिटीकडून हरून बाहेर पडल्यानंतर क्लब युरोपियन स्पर्धेत नाही आणि त्या मोसमात स्कॅली पहिल्या संघात खेळला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं युरोपात राहून त्याच्याकडे ग्लाडबाखच्या शर्टातले बुधवार रात्रीचे युरोपियन सामने शून्य. तेविशी गाठलेल्या बचावपटूला याची गरज असते. तीन दिवसांत दुसरा सामना, अनोळखी रचना, हे फक्त शनिवार-शनिवार खेळून येत नाही. माझं मत: लीग बदलू नका म्हणता ना? मग जर्मनीतच वरच्या पाचात जावं. कोटा नाही, भाषा येते, पंच ओळखीचे.

शून्य_गोल

हे मान्य. फक्त वरच्या पाचात जागा रिकामी आहे का, हे आधी बघायचं. आणि राष्ट्रीय संघाचं म्हणाल तर प्रशिक्षक म्हणून पोचेटिनो आल्यापासून क्लबात खेळणाऱ्याला झुकतं माप आहे. बाकावर बसून मोठ्या क्लबाचा बिल्ला मिरवणाऱ्याला नाही.

निळी_जर्सी

शेवटचं. हलायचंच तर जानेवारी की उन्हाळा?

कोटा_मास्तर

बचावपटूने उन्हाळ्यातच. जर्मनीत डिसेंबरअखेर लीग थांबते, इंग्लंडमध्ये नाताळात सामने दाटलेले असतात. जानेवारीत गेलेला माणूस विश्रांतीतून थेट त्या भट्टीत पडतो, आणि बचावफळीची एकमेकांशी बोली जुळायला सरावाचे आठवडे लागतात ते मिळत नाहीत. शिवाय फिफाच्या नियमाने एका मोसमात नोंदणी तीन क्लबांकडे चालते, पण सामने दोघांसाठीच खेळता येतात. जानेवारीची निवड चुकली तर मोसम संपेपर्यंत तिथेच अडकलात.

आणि वैद्यकीय तपासणी शेवटच्या दिवसावर ढकलायची नाही. जानेवारी २०२० ला रॉबिन्सन मिलानला जवळजवळ गेलाच होता. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता दिसली, पुढच्या तपासण्यांना वेळ हवा होता आणि खेळाडू बदलीची मुदत संपली. ऑगस्टमध्ये तो फुलहॅमला गेला.

निळी_जर्सी

मग त्या भागात क्लबांची नावं टाकू का?

उजवीकडून_तिसरा

नावं नका टाकू, महिन्याभरात शिळी होतील. त्याऐवजी चाळणी द्या: तिघांची बचावफळी खेळणारे क्लब, त्यांच्या उजव्या सेंटर-बॅकचं वय, त्याचा करार कधी संपतो, आणि प्रशिक्षकाचा करार त्याच्याआधी संपतो का. शेवटचा रकाना लोक विसरतात. रेनॉल्ड्सचा घोळ तिथेच झाला.