प्रतिसाद: बेळगावात भाडेकरूकडून घर रिकामं करून घेताना

टिळकवाडीच्या काकांचा भाडेकरू भाडं थकवून बसलाय, त्यावर वर कुणीतरी 'लाईट तोडा, कुलूप बदला' असं सुचवलंय. काका, कृपा करून हे करू नका. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मग घर कुणाच्या मालकीचं हे कोर्ट विचारतही नाही.

कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाईकांचा सल्लाही इथे चालत नाही. तिकडचा लिव्ह अँड लायसन्सचा (घर वापरायची फक्त परवानगी देणाऱ्या कराराचा) कायदा महाराष्ट्रापुरता. आपल्याला लागू कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा, तोही कमी भाड्याच्या घरांना. महिना ३,५०० रुपयांच्या वर भाडं असेल तर तो लागत नाही. मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ बघायचं.

म्हणजे महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची लेखी नोटीस, पोच मिळेल अशा पोस्टाने. करारात वेगळी मुदत असेल तर ती पाळायची. नोटिशीत घराचा पूर्ण पत्ता, थकलेले महिने, भाडेकरार कोणत्या दिवशी संपतो हे स्पष्ट हवं. मुदत संपल्यावर त्याने पैसे दिले तर मुकाट्याने 'भाडं मिळालं' अशी पावती फाडू नका, नोटीस मागे घेतली असा मुद्दा तो कोर्टात काढेल. आधी वकिलाला विचारा. तरीही हलला नाही तर दिवाणी दावा. वेळ लागतो, पण ताबा पक्का मिळतो.

भाडेकरार, बँकेचं पासबुक, घरपट्टीच्या पावत्या आत्ताच एका फायलीत लावून ठेवा.