मदत हवी आहे: देवळाच्या आतला एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून केलेले चित्र), कडेचा उजळ पट्टा कसा घालवू?

गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याचे महादेव देऊळ, मंडपातून बाहेर पाहताना. ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १००, दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने ५ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम. आत काळा बेसाल्ट, बाहेर रखरखीत ऊन.

फोटोमॅटिक्स या एचडीआर सॉफ्टवेअरच्या डिटेल्स एन्हान्सर पद्धतीत खांबावरची नक्षी सुंदर उठते, पण खांबाच्या कडेला उजळ पट्टा येतो. स्ट्रेंथ (परिणामाची तीव्रता) उतरवली की दगड सपाट. ल्युमिनन्स एचडीआर या सॉफ्टवेअरमधली फत्ताल पद्धत सावलीतला नॉइज (दाणेदारपणा) उकरून काढते. एन्फ्यूज या फ्रेम मिसळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पट्टा जवळजवळ नाही, दगडाचा रंगही खरा, मात्र चित्र फिकट. लाइटरूमचा मर्ज (फ्रेम जोडणे) सर्वांत नैसर्गिक वाटतो. पण हलत्या पानांसाठी डीघोस्ट (हलत्या वस्तूंच्या दुहेरी प्रतिमा काढणे) 'हाय' केले की तेवढ्या भागात एकाच फ्रेमचा नॉइज राहतो.

छपाई मोठी, २४ बाय ३६ इंच. एन्फ्यूजच्या १६ बिट टिफ फाइलवर कर्व्ह (उजेड-काँट्रास्ट बदलणारी वक्ररेषा) द्यावा, की लाइटरूमच्या डीएनजी फाइलमध्ये मास्क लावून (फक्त निवडलेला भाग बदलून) बाहेरचा उजेड वेगळा उतरवावा? एन्फ्यूजचे एक्स्पोजर वेट (नीट उजळलेल्या पिक्सेलला किती महत्त्व) १ आणि सॅच्युरेशन वेट (गडद रंगाला किती महत्त्व) ०.२, म्हणजे मूळचेच आहेत. काळ्या दगडासाठी तुम्ही किती ठेवता? कृपया आकडे द्या.