धर्माच्या नावाखाली झालेली हिंसा : तुमच्या घरात काय सांगितलं, काय झाकलं?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन होतं, रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचे, अत्याचार सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत. पण माझ्या आजीनं त्यानंतरची गोष्ट आयुष्यभर झाकून ठेवली. आधी ती लिहिते, मग तुम्ही लिहा. गावाचं, माणसाचं नाव नको.

आमचं गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. रझाकार आले तेव्हा आजी तीन दिवस कडब्याच्या गंजीत लपली. तिला भाकरी पोचवायची शेजारची तांबोळीण. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, भारतीय सैन्यानं निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, रझाकार पांगले आणि आमच्याच गावचे लोक ‘हर हर महादेव’ करत तांबोळ्याच्या दारात गेले. तो रझाकार नव्हता, पानं विकायचा. तांबोळीण आमचं दार ठोठावत होती. “म्या कडी काढली न्हाई गं,” आजी शेवटच्या दुखण्यात एवढंच म्हणाली. त्या वेळच्या कत्तलीत २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं दिला होता. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

नांदेडहून : ताई, वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझ्या दादांना तेव्हा एका लिंगायत पाटलानं ज्वारीच्या पेवात लपवलं आणि गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तो वाड्याच्या दारात बसून राहिला. म्हणून आज आम्ही आहोत. आमच्या नात्यातला एक जण रझाकार होता, त्यानं घरं जाळली होती. हे आमच्याकडं कुणी बोलत नाही. मीही पहिल्यांदाच लिहितोय.

परभणीकडून : आमची वस्ती जळाली १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाल्यावर. जाळणाऱ्यांत गावचे माळकरीही होते. आईनं राखेत आधी बाबासाहेबांची तसबीर शोधली. यापुढं लिहवत नाही.

संभाजीनगरहून : मी शिक्षक. मार्च २०२३ मध्ये इथल्या किराडपुऱ्यात दंगल झाली, गाड्या जळाल्या, त्यानंतर वर्गात पोरांनी आपापले बाक बदलले. मी त्यांना नाथांची परंपरा सांगितली : एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, आणि त्यांचे गुरू मानले जाणारे सूफी चांद बोधले, ज्यांचा दर्गा दौलताबादला आहे. संध्याकाळी एका पालकाचा फोन आला, “असलं कशाला शिकवता?” दुसऱ्या दिवशी मी तोच तास पुन्हा घेतला.

नांदेडहून : ताई, तांबोळ्याच्या घराचं पुढं काय झालं?

आमच्या भावकीनं तिथं गोठा बांधला. लहानपणी मी तिथलंच दूध प्यायले आहे.