मदत हवी आहे: मुलगा अॅसिडिटीचं औषध थुंकतो

झुळूक: प्लीज लवकर सांगा, उद्या सकाळी परत द्यायचंय. चार दिवस झाले, तोंडात घातलं की थू. आज वैतागून खलबत्त्यात कुटलं आणि कोमट दुधातून पाजलं, मुकाट प्यायला. असंच रोज दिलं तर चालेल ना? आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. गूगल करा म्हणू नका, केलंय, आणखी घाबरले.

दुर्वांकुर: वय, वजन, औषधाचं नाव?

झुळूक: अॅसिडिटीचंच हो. रात्री खोकतो, आंबट पाणी तोंडात येतं.

खडूस_काका: मला तीस वर्षं अॅसिडिटी आहे. जेवणानंतर कोकम आणि शतपावली. गोळीला हात लावला नाही.

झुळूक: काका, तो चार वर्षांचा आहे.

दुर्वांकुर: चला, वय तरी कळलं!

बेसनलाडू: माझ्या लेकीला 2016 मध्ये रॅनिटिडिनचं सिरप होतं, आवडीने प्यायची. तेच मागा.

औषधवाला: नका मागू. त्यात एनडीएमए हे कॅन्सरचा धोका वाढवू शकणारं रसायन सापडलं, अमेरिकेत 2020 मध्ये बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडेही 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. झुळूक, स्ट्रिपवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

झुळूक: ओमेप्राझोल. कॅपसूल. आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे.

औषधवाला: मग कुटायचं नाही! त्या दाण्यांवर लेप असतो, पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायला. कुटलं की लेप गेला, औषध पोटातच खराब होतं. दुधातही लेप विरघळायला लागतो. कॅपसूल उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गार गरावर टाकून लगेच द्या, न चावता गिळू दे, वर पाणी. सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी. कालवून ठेवू नका.

चिंचगूळ: चार वर्षांचं पोर आणि न चावता? तुमच्या घरात मुलं आहेत का?

औषधवाला: दोन आहेत. आणि दोन्ही चावतात. पद्धत काय आहे ते सांगितलं.

खडूस_काका: चिमूटभर खाण्याचा सोडा द्या, लगेच ढेकर.

दुर्वांकुर: काका, लहान मुलाला सोडा नको, शरीरात सोडियम जातं. झुळूक, किती मिलीग्रॅमची आहे?

झुळूक: चिठ्ठीवर 10. दुकानात 20 ची होती, ते म्हणाले अर्धी द्या. मी कुटून अंदाजाने निम्मी करते.

औषधवाला: हे सगळ्यात आधी सांगायचं ना! 10 च्या जागी 20 डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नव्हती. अंदाजाने निम्मं म्हणजे कधी कमी, कधी जास्त. वजन?

झुळूक: सोळा किलो. ओरडू नका हो, मला वाटलं निम्मं म्हणजे निम्मं.

दुर्वांकुर: कोणी ओरडत नाहीये. उद्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना फोन करा, चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्हींचा फोटो पाठवा. आजचा डोस बुडाला असं धरून दुप्पट देऊ नका. हिरवी उलटी, उलटीत रक्त, वजन घटणं, यातलं काही आहे का? असेल तर फोन नाही, थेट दवाखाना.

झुळूक: नाही. फक्त खोकला आणि जळजळ.

बेसनलाडू: रात्री काय जेवतो? आमच्या शाळेच्या डब्यात शेजवान चटणी बंद केली आणि निम्मा त्रास गेला.

चिंचगूळ: शाळेच्या डब्यांवर वेगळा धागा काढा, मला खूप बोलायचंय.

झुळूक: अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांनी बदलून एसोमेप्राझोलचं 10 मिलीग्रॅमचं सॅशे (पुडी) दिलं. 15 मिली पाण्यात टाकायचं, ढवळून दोन-तीन मिनिटं थांबलं की घट्ट होतं. अर्ध्या तासाच्या आत प्यायचं. माप म्हणून घरचा चमचा नको म्हणाले, सिरिंज दिली. सिरिंजचं पिस्तूल करतो, पण गिळतो. आधीची उरलेली स्ट्रिप दुकानात परत घेतील का?

औषधवाला: उघडलेली नाही घेणार. पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, सोमवारी डॉक्टरांना दाखवा.

खडूस_काका: मला पण ते सॅशे चालेल का?