मदत हवी आहे: केंद्रातील शाळांचा निकाल-सुविधा तक्ता कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. एका केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) जिल्हा परिषद शाळांचा एकपानी तक्ता ग्रामसभेत लावायचा आहे. पट (विद्यार्थीसंख्या), शिक्षक, खोल्या आणि स्वच्छतागृहे यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीच्या शाळा अहवालातून घेतली. ११ अंकी यूडायस कोडने शोधले की गोंधळ होत नाही. नावाने शोधलं तर एकाच तालुक्यात चार 'प्राथमिक शाळा' निघतात.

अडचण १: २०२२-२३ पासून नोंद विद्यार्थीनिहाय झाली, त्याआधी शाळा एकत्रित आकडे भरायची. त्यामुळे २०२१-२२ शी तुलना केली की नोंदीच्या पद्धतीमुळे पडलेला फरकही पटाची घट वाटतो. पटाच्या आलेखाची रेष तिथे तोडावी की तळटीप पुरेल?

अडचण २ जास्त किचकट. शिकण्याच्या पातळीचे राष्ट्रीय सर्वेक्षण (२०२१ मध्ये इयत्ता ३, ५, ८, १०, २०२४ मध्ये ३, ६, ९) नमुन्यावर चालते, म्हणून जिल्ह्याचा आकडा शाळेला चिकटवता येत नाही. शाळेचे चाचणीगुण द्यावेत, तर चौथीत मुलंच ४. सरासरी लावली की गावाला कोण मागे ते लगेच कळणार! किमान १० मुलं नसतील तर रकाना झाकायचा विचार आहे. तुम्ही किती धरता? की तीन वर्षं एकत्र करता?

शाळा अनुदानही पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. एका मुलाने १५,००० चा फरक. हे टप्पे तक्त्यात दाखवावेत का? कुणाकडे तयार नमुना असल्यास टाका.